सड्यावरची पालेभाजी आणि बंद पडलेला पंप

वाचकाचे पत्र :

आमचे घर देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. अंगणात चार बोटे माती आणि तिच्याखाली सगळा जांभा. मुंबईतील नोकरी संपवून आम्ही दोघे गेल्या वर्षी गावी परतलो. वाफे घातले तर माकडे काही ठेवत नाहीत, म्हणून पुण्यातील मुलाने मातीशिवाय भाजी पिकवण्याचा संच आणून मागच्या पडवीच्या कडेला बसवून दिला. पांढऱ्या पाइपांच्या चार ओळी, प्रत्येकीत नऊ भोके, खाली टाकी आणि पंप. त्यात लेट्यूस आणि पालक लावला. पहिले तीन आठवडे रोपे छान होती. गणपतीच्या आदल्या रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर निम्म्या रोपांनी माना टाकल्या होत्या. उरलेल्यांची मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली, टाकीला वास येऊ लागला. लेट्यूसच्या आतल्या पानांचे शेंडे करपू लागले म्हणून खत वाढवले, तर करपणेही वाढले. मुलगा म्हणतो, इन्व्हर्टर घेऊ. यजमान म्हणतात, संच भंगारात द्या आणि त्या रासायनिक पाण्याऐवजी जीवामृत घालून पाहू. आमची विहीर खाडीच्या अंगाला असल्याने चैत्र-वैशाखात पाणी मचूळ होते, हेही कळवते. आम्हाला दोघांपुरती रोजची पालेभाजी हवी आहे, बाकी हौस नाही. काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

इन्व्हर्टर घेऊ नका, संच भंगारात देऊ नका आणि जीवामृत त्या टाकीत तर मुळीच घालू नका. तुमच्या घरातील तिन्ही मतांना एकदम नकार द्यावा लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी; पण तुम्हाला हवी आहे ती दोघांपुरती भाजी, आणि तेवढ्यासाठी पंप, वीज आणि फिरते पाणी यांतले काहीच लागत नाही. झाकण लावलेल्या खोक्यात स्थिर पाणी ठेवून पालेभाजी उत्तम येते. कोकणपट्टीत तर मी याच पद्धतीचा आग्रह धरीन, कारण आपल्याकडे या शेतीचे दोन खरे शत्रू आहेत, तापलेले पाणी आणि खारे पाणी, आणि पंप त्यांपैकी एकाचाही बंदोबस्त करत नाही.

तुमच्या संचात काय घडले ते आधी सांगतो, म्हणजे दोष तुमच्या हाताचा नव्हता हे कळेल. पाइपाच्या तळातून पाण्याचा पातळसा थर सतत वाहता ठेवायचा आणि मुळांचा वरचा भाग हवेत ठेवायचा, ही पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी काचगृहातील पिकांसाठी विकसित केली. थंड हवेत ती फार चांगली चालते. मात्र त्या पाइपात मुळांजवळ पाण्याचा साठा जवळजवळ नसतोच. पंप थांबला की उष्ण दिवशी काही तासांतच मुळे सुकतात. त्यातून पडवीच्या कडेला दुपारचे ऊन पाइपांवर येत असेल, तर आतल्या पाण्यात बोट बुडवून पाहा, ते अंघोळीच्या कोमट पाण्यासारखे लागेल. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तोच साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमकी उष्णतेतच मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारख्या, बुरशीशी साम्य असलेल्या रोगजंतूचे फावते. तुम्ही पाहिलेला तपकिरी बुळबुळीतपणा आणि टाकीचा वास हा त्याचाच. वीज गेली नसती तरी ती रोपे फार तर आणखी पंधरवडा तगली असती, असे मला वाटते. वीज आपल्याकडे एका रात्रीपुरतीच जाते असेही नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. तेवढा काळ कोणता इन्व्हर्टर पुरणार?

स्थिर पाण्याची पद्धत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. खोक्यात पोषकद्रव्ये मिसळलेले पाणी भरायचे, झाकणाला भोके पाडून त्यांत जाळीदार पेले बसवायचे आणि पेल्याचा तळ जेमतेम सेंटिमीटरभर पाण्यात बुडेल इतकी पातळी ठेवायची. रोप वाढते तसे ते पाणी पिते आणि पातळी खाली जाते. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये दमट हवेची जागा तयार होते आणि त्या जागेत आलेली मुळे हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. साधारण अठराव्या दिवशी झाकण हलकेच उचलून पाहा. एकाच रोपाला दोन प्रकारची मुळे दिसतील. वरच्या बोटभर भागात बारीक लव असलेली, आखूड, दाट, कापसासारखी पांढरी मुळे, आणि त्यांच्याखाली पाण्यात उतरलेली लांब, गुळगुळीत, कमी फांद्यांची. वरची श्वास घेतात, खालची पाणी आणि अन्न घेतात. पंपाचे काम रोपाने स्वतःच उचललेले असते.

इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका एक चूक करतो, आणि मीही ती केली आहे. पहिल्या वर्षी माझ्या बादलीतील पाणी निम्म्यावर आलेले पाहून मला त्या रोपांची दया आली आणि मी बादली काठोकाठ भरून टाकली. तिसऱ्या दिवशी माठाची सगळी रोपे मलूल. हवेची सवय लागलेली मुळे एकदम बुडवली की ती गुदमरतात. पाणी घालायचेच झाले तर पातळी खोक्याच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका आणि वरची आठ-दहा सेंटिमीटर जागा कोरडी राहील याची खात्री करा. बरीचशी पालेभाजी तर एकदाच भरलेल्या पाण्यावर काढणीला येते, त्यामुळे चार दिवस मुंबईला लग्नाला जाऊन आलात तरी बिघडत नाही.

खोका कोणता, याचे उत्तर देवगडला राहणाऱ्याला शोधावे लागू नये. बंदरावर मासळी भरायचे थर्माकोलचे खोके मिळतात. त्यांचे काम बर्फ वितळू न देणे हे आहे, म्हणजेच बाहेरची उष्णता आत न येऊ देणे, आणि आपल्यालाही नेमके तेच हवे आहे. प्लास्टिकच्या बादलीपेक्षा थर्माकोलच्या खोक्यातले पाणी दुपारी लक्षणीय थंड राहते. आतून साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० खोल खोका घेतला तर त्यात २५ लिटर पाणी सहज मावते. वापरलेला खोका मीठ आणि वास जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मगच घ्यावा. त्याला आतून काळ्या प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर द्या, कारण पांढऱ्या थर्माकोलमधून उजेड पाझरतो आणि उजेड पोचला की शेवाळ आलेच. बाहेरून रंग द्यावासा वाटला तर पाण्यात कालवायचा डिस्टेंपर किंवा इमल्शन वापरा. ऑइलपेंट आणि थिनर यांनी थर्माकोल विरघळतो. झाकणाला गरम केलेल्या डब्याच्या कडेने दोन इंची आठ भोके पाडा. धूर होतो, म्हणून हे काम खळ्यात करा, माजघरात नको.

झाकण घट्ट बसले पाहिजे आणि पेल्याभोवती फट राहता कामा नये, हे मी ठासून सांगतो, कारण स्वच्छ साचलेले पाणी ही डेंग्यूच्या डासाची आवडती जागा आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. रिकाम्या भोकात स्पंजाचा बोळा घाला, फटींना चिकटपट्टी लावा आणि आठवड्याला एकदा झाकण उचलून पाण्यात वळवळ नाही ना ते बॅटरीच्या उजेडात पाहा. वळवळ दिसली तर मुळांना धक्का न लावता ते पाणी गाळणीतून काढून घ्या आणि फट कुठे राहिली ते शोधा. हे जमणार नसेल तर ही शेती करू नये.

आता पाणी. सड्याच्या पोटातून झिरपून आलेले जांभ्याचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि या शेतीला ते मानवते. तुमची अडचण खाडीची आहे. रोप खोक्यातले पाणी पिते पण मीठ बहुतांशी मागेच ठेवते, त्यामुळे सुरुवातीला जिभेला जेमतेम कळणारा मचूळपणा महिन्याभरात दुप्पट-तिप्पट होतो. जमिनीत पावसाने मीठ धुऊन जाते, खोक्यात जाणार कुठे? घरगुती पाणीशुद्धीकरण यंत्रे बसवणाऱ्यांकडे असते तसले पेनाएवढे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, घ्या. तुमच्या संचासोबत ते आलेही असेल. विहिरीचे नुसते पाणी ३०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत दाखवत असेल तर निर्धास्त वापरा. ५००च्या वर गेले तर लेट्यूस आणि कोथिंबीर लावू नका. माठ आणि पालक थोडे खारेपण सोसतात, पण त्यांनाही पावसाचे पाणी मिसळून द्यावे. पाणीशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र मुळीच नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

पावसाच्या पाण्याइतके चांगले पाणी या कामाला दुसरे नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या कौलांवर दहा मिलिमीटरची एक सर आली तर पाचशे लिटर. हस्ताच्या सरी अजून व्हायच्या आहेत. कौले एव्हाना धुऊन निघालेली असल्याने या सरींचे पाणी स्वच्छ असते. पन्हळीखाली कापड बांधून ते झाकणाच्या टाकीत धरा. मचूळ पाण्याचे दोन महिने निभावायला सहा खोक्यांना पाचशे लिटर पुरतात, कारण एका पिकाला एका खोक्यात साधारण तीसच लिटर पाणी लागते.

पोषकद्रव्यांबद्दल तुमच्या यजमानांच्या मनात जी शंका आहे ती पुष्कळांच्या मनात असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वनस्पतीची मुळे नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत, मग ते शेणखतातून आलेले असो वा पुडीतून. शेणखतातील नत्र त्या रूपाला आणण्याचे काम मातीतील असंख्य जिवाणू करतात. खोक्यात माती नाही आणि ती जिवाणूंची वस्तीही नाही. जीवामृत ओतले तर गूळ, बेसन आणि शेण कुजू लागतील, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतील आणि तिसऱ्या दिवशी पडवीत उभे राहवणार नाही. जीवामृत वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते मातीचे औषध आहे. तुमच्या माडांना आणि केळींना घाला. याच कारणाने दुकानदार पुढे करतो ती १९:१९:१९ची (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी) पुडीही मी टाळतो. तिच्यातील अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते आणि जिवाणूंवाचून ते रोपाला नीट लागू पडत नाही. शिवाय तिच्यात कॅल्शियम नसतेच.

संचासोबत आलेल्या अ आणि ब बाटल्या आधी संपवा. पुढे स्वतः करायचे झाले तर कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी ठेवलेल्या विद्राव्य खतांतून काम भागते. ७० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर करा, ही अ बाटली. ३५ ग्रॅम १३:०:४५, २० ग्रॅम ०:५२:३४ आणि ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून एकूण एक लिटर करा, ही ब बाटली. खोक्यात पाणी भरल्यावर दर लिटरला दोन्हींतले दहा-दहा मिलिलिटर घालायचे, म्हणजे पंचवीस लिटरच्या खोक्याला पाव-पाव लिटर. लोह, बोरॉन, जस्त, मँगनीज, तांबे, मॉलिब्डेनम ही कणभरच लागतात, पण ती नसली तर कोवळी पाने पिवळी पडतात. घरच्या काट्यावर ती मोजता येत नाहीत, म्हणून मातीविना शेतीसाठी मिळणारे चिलेटेड मिश्रण घेऊन पुडीवरच्या प्रमाणात घालावे. सगळे मिसळल्यावर मीटर ७०० ते ८०० पीपीएम दाखवेल. नुकत्याच लावलेल्या तरव्याला, म्हणजे कोवळ्या रोपांना, याच्या निम्मे पुरे. सामू म्हणजे पीएच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. तो खत मिसळल्यावर तपासायचा, आधी नाही, आणि आपल्या मऊ पाण्यात तो बहुधा आपोआपच तेथे येतो.

दोन बाटल्या कशाला, एकीतच का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. आळसाने मी एकदा सगळे एकाच बाटलीत कालवले. सकाळी पाहतो तर तळाशी निवळलेल्या चुन्यासारखा पांढरा थर आणि वर निर्मळ पाणी. दाट द्रावणात कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की ते न विरघळणारे साके होऊन खाली बसते, आणि तळाशी बसलेले अन्न मुळांना मिळत नाही. खोक्यातल्या भरपूर पाण्यात मात्र ती एकत्र नांदतात. म्हणून आधी अ घालून ढवळावे, मग ब. ही खते दिसायला साखर-मिठासारखी असतात, तेव्हा ती स्वयंपाकघरात आणि बरणीत कधीही ठेवू नका. नातवंडे सुट्टीत येत असतील तर कुलपात ठेवा.

भाजी खाण्याला धोका नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पालेभाज्या पानांत नायट्रेट साठवतात, आणि उजेड कमी असला की जास्त साठवतात, मातीतल्याही साठवतात. काढणीपूर्वीचे शेवटचे दोन-तीन दिवस खोक्यात नुसते पाणी ठेवले आणि सकाळी न खुडता ऊन खाल्लेली भाजी दुपारनंतर खुडली, तर ते प्रमाण उतरते.

करपलेल्या शेंड्यांचे कारण वेगळेच आहे. पानाच्या टोकाला कॅल्शियम पोचते ते पानातून उडणाऱ्या पाण्याच्या ओढीने. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः भाद्रपदात, पानांतून पाणी उडतच नाही. मग द्रावणात कॅल्शियम कितीही असले तरी ते गड्ड्याच्या आतल्या, मिटलेल्या, कोवळ्या पानांपर्यंत जात नाही आणि त्यांच्या कडा मरतात. तुम्ही उपाशी समजून जेवण वाढवलेत, त्याने द्रावण दाट झाले आणि मुळांना पाणी ओढणे आणखी जड गेले. याला इलाज म्हणजे पातळ द्रावण, रोपांत मोकळे अंतर आणि वारा. पडवीच्या ज्या टोकाला दुपारी खारा वारा लागतो तेथे खोके ठेवा.

आणि मुळात लेट्यूस हवेच आहे का? मुलाच्या हौसेचा मान राखून सांगतो, ते थंड हवेचे पीक आहे. मार्गशीर्ष-पौषात देवगडलाही बरे येते, बाकी वर्षभर ते कडू होऊन तुरा काढण्याच्या घाईत असते. पालकाची मुळेही उष्ण पाण्यात फार लवकर नासतात. या पद्धतीत आपल्या हवेला मानवणारी पहिली भाजी तांबडा माठ. एका पेल्यात तीन-चार रोपे ठेवली तर लावल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. बुडाशी चार बोटे खोड राखून कापली तर पुन्हा फुटते. ओले खोबरे, हिरवी मिरची आणि कांदा घालून केलेल्या माठाच्या भाजीत माती नसल्याची उणीव मला तरी कधी जाणवलेली नाही. दुसरी नाळीची भाजी, बंगालकडे जिला कलमी शाक म्हणतात. ती मूळचीच पाणथळातली, त्यामुळे पाणी तापले तरी कुरकुर करत नाही. तिसरी मायाळू, तिचे वीतभर खोड नुसते पाण्यात ठेवले तरी आठवड्यात मुळे धरते, फक्त वेलीला दोरी द्यावी लागते. कोथिंबीर कार्तिकापासून माघापर्यंत घ्यावी, धणे रगडून दोन फाका करून पेरावेत आणि धीर धरावा. उगवायलाच तिला आठ-दहा दिवस लागतात. मेथी होते, पण तिच्यासाठी एवढे उपद्व्याप करू नयेत. परातभर मातीत ती याहून लवकर येते.

पावसाळ्याबद्दल माझे मत थोडे निराळे आहे. आषाढ-श्रावणात पडवीत उजेड इतका कमी असतो की रोपे लांबट, फिकी होतात आणि गोगलगायी खोक्यांवर चढतात. त्या दिवसांत सड्यावर टाकळा, कुर्डू, फोडशी फुकट उगवलेली असताना खोक्यांपाशी कशाला झुरायचे? दोन खोक्यांत नाळीची भाजी आणि मायाळू राहू द्यावी, बाकीचे धुऊन पालथे घालावेत. चैत्र-वैशाखात उलट उजेड फार होतो. तेव्हा पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा आणि द्रावण नेहमीपेक्षा थोडे पातळ ठेवा, कारण उन्हात रोप अन्नापेक्षा पाणीच अधिक ओढते.

तरवा धरण्यासाठी इंचभर स्पंजाच्या चौकोनी फोडी करून त्यांना चीर द्यावी, चिरेत बी टाकावे आणि ताटलीत साधे पाणी घालून सावलीत ठेवावे. माठ तीन-चार दिवसांत उगवतो. उगवताच उजेडात न्यावा. दोन खरी पाने आली की फोड पेल्यात बसवून खोक्यावर लावणी करावी. स्पंज नको असेल तर काथ्याचा भुसा चालतो. घरच्या नारळाच्या सोडणांचा भुसा वापरणार असाल तर मात्र तो निदान आठवडाभर भिजवून, रोज पाणी बदलून, पाण्याचा चहासारखा रंग जाईपर्यंत धुवा. समुद्रकाठच्या सोडणात मीठ असते, आणि खाजणात कुजवलेल्यात तर फारच.

माकडांसाठी पडवीची ती बाजू गॅल्व्हनाइज्ड तारेच्या जाळीने बंद करण्यावाचून उपाय नाही. नायलॉनची जाळी ती फाडतात. या कामावर मात्र पैसे खर्च करा, इन्व्हर्टरचे तेथे वळवा.

राहिला तुमचा संच. त्याच्या प्रत्येक पाइपाच्या शेवटी पाणी बाहेर पडण्याचे तोंड तळाशी असेल. तेथे कोपरा (एल्बो) लावून ते तोंड चार सेंटिमीटर वर घ्या आणि पाइप पाणसळ लावून अगदी सपाट बसवा. आता पंप थांबला तरी पाइपात चार सेंटिमीटर पाणी उरेल आणि वीज रात्रभर गेली तरी रोपे तरतील. थंडीच्या तीन महिन्यांत लेट्यूस त्यात लावा, टाकी भिंतीच्या आड सावलीत न्या, आणि मुलाला खुशाल फोटो पाठवा. वापरण्यापूर्वी पाइप, पेले आणि टाकी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने खळबळून दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर जुना रोग नव्या रोपांची वाट पाहत बसलेला असेल. जुने द्रावण विहिरीच्या आसपास ओतू नका, माडाच्या आळ्यात घाला.

रोजच्या भाजीचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण या विषयात आशा फार दाखवल्या जातात. आठ पेल्यांच्या एका खोक्यातून माझ्याकडे दोन माणसांची एका वेळची भाजी निघते, पुढच्या फुटव्याची आणखी एकदा. सहा खोके ठेवून दर पाच-सहा दिवसांनी एक नवा लावत गेलात तर आठवड्यातून दोन-तीनदा घरची पालेभाजी होईल. रोजची हवी असेल तर खोक्यांची संख्या जवळजवळ तिप्पट करावी लागेल. पण आधी एकच खोका करा. तो पार पडला की दुसरा.

पहिला खोका दसऱ्याला तांबड्या माठाचा असू द्या. लेट्यूसचे उरलेले बी घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उष्म्यात ते पेरले तर तिशीच्या वरच्या तापमानाला उगवतच नाही आणि बी खराब निघाले असा तुमचा समज होईल. दिवाळी होऊन पहाटे अंगावर चादर ओढाविशी वाटू लागली की डबी बाहेर काढा.